टेक्सचरच्या शहरचित्राला पुन्हा पुन्हा भेगा पडतात, पोपडे सुटतात: कारणं आणि उपाय

तक्रार नेहमीची आहे. टेक्सचरची पेस्ट (उंचसखलपणा आणण्यासाठी रंगाखाली लावायचा जाड लगदा) चांगली, रंग नावाजलेल्या कंपनीचे, हातही बसलेला, तरी चित्राला भेग जातेच. कधी दुसऱ्याच दिवशी, कधी चित्र भिंतीवर लागून पहिला पावसाळा झाला की. एक भेग बुजवली की तिच्या शेजारी दुसरी उमटते. मग पेस्टच्या डब्याला दोष दिला जातो, कंपनी बदलली जाते आणि पुढच्या चित्राचं पुन्हा तेच होतं.

बहुतेक वेळा डबा निर्दोष असतो. बिघाड पेस्टच्या खाली असतो, म्हणजे अस्तरात (कापडावर आधी दिलेल्या पांढऱ्या थरात) नाहीतर कॅनव्हासमध्ये, किंवा तो भोवतीच्या हवेत असतो. खानदेशात ही हवा तीन टोकांची आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात, जानेवारीत धुळ्याकडे रात्री १० अंशांच्या खाली आणि ऑगस्टमध्ये भिंतीला हात लावला तर ओल. वर्षभर एकाच पद्धतीने पेस्ट लावली तर तीनपैकी एक ऋतू तरी ती खाऊन टाकणारच.

आधी भेग नीट बघा

भेगेच्या आकारावरून कारण जवळपास कळतं. चित्र जमिनीवर आडवं ठेवा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च बाजूने, अगदी पृष्ठभागाला टेकवून धरा. समोरून उजेड टाकला तर निम्म्या भेगा दिसतच नाहीत.

आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा जाळीदार भेगा, आणि त्याही लावल्यापासून एक-दोन दिवसांत पडलेल्या, म्हणजे थर जाड झाला किंवा वरून फार लवकर वाळला. वरची साय आधी कडक होते, आतला ओला भाग नंतर आकसतो आणि वरच्या सायीला फाडतो. पेस्टमध्ये पावडर जास्त आणि चिकट द्रव्य कमी असलं तरी हेच चित्र दिसतं.

कडेपासून चार-पाच सेंटिमीटरवर, चौकटीच्या पट्टीला समांतर जाणारी सरळ भेग वेगळी. तिथे मागच्या लाकडी पट्टीची आतली धार असते. चित्र हलवताना, टॅक्सीत घालताना, पुसताना कॅनव्हास त्या धारेवर दाबला जातो. कापड वाकतं, तीन मिलिमीटरची पेस्ट वाकत नाही.

कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल भेग म्हणजे मागून एका जागी टोचा बसला आहे. कोपर, खुर्चीची पाठ, खिळ्याचं डोकं, काहीही.

पोपडा सुटला असेल तर त्याची पाठ बघा. पाठीला पांढरी भुकटी चिकटून आली तर अस्तर खडूसारखं कच्चं होतं. पाठ गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर पेस्ट तेलरंगावर किंवा चकाकीच्या थरावर लावली गेली आहे; तेलावर पाण्याची पेस्ट धरत नाही, याला इलाज नाही. उलट चालतं: अॅक्रिलिकच्या पूर्ण वाळलेल्या टेक्सचरवर तेलरंग लावता येतो. पोपड्याबरोबर अस्तरही कापडापासून निघून आलं असेल आणि बोटाला चिकट लागत असेल, तर खाली फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद वापरलेला असण्याची शक्यता मोठी.

या गोंदाबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण खडूची पावडर आणि फेव्हिकॉल ही कृती सगळीकडे सांगितली जाते. सरावाला ती ठीक आहे. पण लाकडाला लाकूड चिकटवण्यासाठी केलेला हा गोंद उन्हाळ्यात मऊ पडतो आणि पावसाळ्यात पुन्हा ओल धरतो. उन्हाळ्यात मऊ, पावसाळ्यात फुगलेला, हिवाळ्यात कडक, असं दोन वर्षं झालं की थर सुटतो. घरात चार दिवस ठेवायच्या चित्राला वापरा. विकायच्या चित्राला नको.

प्लास्टर ऑफ पॅरिस आणि पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी यांचंही तसंच. दोन्ही भिंतीसाठी आहेत, भिंत हलत नाही. ताणलेल्या कापडावर ती तडकणारच. शिवाय सिमेंट क्षारयुक्त असल्यामुळे त्यावर थेट लावलेला प्रशियन निळा तपकिरी पडत जातो. संध्याकाळचं आभाळ वर्षभरात का मळलं, याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं.

खालची बैठक

कॅनव्हासचं वजनाचं गणित आधी मांडा. ६० बाय ९० सेंटिमीटरच्या चित्रात निम्म्या भागावर ३ मिलिमीटर पेस्ट लावली तर वाळल्यावर ती साधारण सव्वा किलो भरते. एवढं ओझं कापडावर टांगलं की खालचा भाग पोट काढतो, आणि पोट सुटलं की भेग ठरलेली. म्हणून २ मिलिमीटरपेक्षा जाड टेक्सचर करायचं असेल तर कापड सोडा आणि फळीवर काम करा.

६ मिलिमीटर एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) चांगला. पण त्याचा शत्रू पाणी. पुढची बाजू, मागची बाजू आणि विशेषतः चारही कडा अॅक्रिलिक मीडियमचे (रंग नसलेल्या अॅक्रिलिकच्या चिकट द्रव्याचे) दोन-दोन हात देऊन बंद करा. कडा कापलेल्या स्पंजासारख्या पाणी पितात. त्या विसरल्या तर ऑगस्टमध्ये फळीचे कोपरे फुगतात आणि पेस्ट तिथूनच उचकटायला लागते. फक्त पुढच्या बाजूला थर दिला तर फळी वाकते, म्हणून मागेही तेवढेच हात. ६० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या फळीला मागून लाकडी पट्ट्यांची चौकट ठोका.

प्लायवूड घ्यायचं तर वरचा पापुद्रा कालांतराने बारीक तडकतो. त्यावर धुतलेलं मांजरपाट मीडियमने चिकटवा, हाताने मधून बाहेरच्या बाजूला दाबत हवा काढा, एक दिवस वाळू द्या, मग अस्तर.

तयार कॅनव्हासच घ्यायचा असेल तर दुकानातच एक परीक्षा करा. बोट ओलं करून कॅनव्हासच्या कोपऱ्यावर दहा वेळा घासा. बोटाला पांढरं लागलं तर अस्तर कच्चं. असा कॅनव्हास फेकायची गरज नाही. त्यावर पाणी न घालता मीडियमचा एक हात आणि मग चांगल्या अॅक्रिलिक अस्तराचे दोन हात, एक आडवा, एक उभा. मागून पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पुठ्ठा किंवा थर्माकोलची जाड शीट बसवली की मागचे टोचे आणि कंपनं दोन्ही कमी होतात.

पेस्ट आणि थर

घरी पेस्ट करायची असेल तर जाड अॅक्रिलिक जेल मीडियम आणि बारीक मार्बल पावडर. कॅनव्हाससाठी मापाने समसमान, एक वाटीला एक वाटी. फळीवर दोन वाट्या मीडियमला तीन वाट्या पावडरपर्यंत जाता येतं, त्यापुढे नाही. पेस्ट घट्ट वाटली म्हणून पाणी ओतण्याचा मोह होतो. एका वाटीला एक चमचा ही हद्द. जास्त पाणी म्हणजे जास्त आकसणं, आणि आकसणं म्हणजेच भेग. पावडर चाळून हळूहळू घाला, फेटू नका, नाहीतर हवेचे बुडबुडे राहतात आणि वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. कालवून झाकून तासभर ठेवा.

एका वेळी २ मिलिमीटर, फार तर ३. जास्त उंची हवी तर दुसरा थर, पण पहिला आतपर्यंत वाळल्यावरच. तो वाळला की नाही हे बोटाने दाबून कळत नाही, कारण वरची साय फसवते. तळहाताची पालथी बाजू टेकवा. शेजारच्या कोऱ्या भागापेक्षा गार लागलं तर आतून अजून पाणी उडतंय. दोन्हीकडे सारखंच लागलं की पुढचा थर. थंडीच्या कोरड्या दिवसांत २ मिलिमीटरला एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दोन-तीन दिवस धरा.

जाड थराला आतून आधार लागतो, आणि तो कसा द्यायचा याचा जुना धडा जळगावपासून साठ किलोमीटरवर आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत दगडावर चढवलेला गिलावा मातीचा आहे आणि त्यात वनस्पतींचे धागे, भाताचा तूस असं मिसळलेलं आहे. आधी भरड थर, वर बारीक थर, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. धागा माती आकसताना तिला धरून ठेवतो. आपल्या पेस्टलाही हेच लागू पडतं. रावेर-यावलकडे केळीच्या खोडाचा धागा मिळतो. तो पूर्ण वाळवून ५ ते ८ मिलिमीटरचे तुकडे करा, मीडियममध्ये बुडवून पिळा आणि एका वाटी पेस्टला एक चिमूट मिसळा. कोरडा धागा तसाच टाकू नका, तो पेस्टमधलं पाणी ओढतो आणि त्याच्याच कडेने भेग धरतो. ओलसर राहिलेला धागा टाकला तर बुरशी. धागा नसेल तर दोन थरांच्या मध्ये गॉजचं पातळ कापड किंवा पुट्टीवाले वापरतात ती फायबरची जाळी दाबून बसवा.

गिरणेची किंवा तापीची वाळू वापरायला सुंदर, पण आधी ती चार-पाच पाण्यांनी धुवा, वरचं पाणी नितळ येईपर्यंत. वाळूतली बारीक माती राहिली तर ती वाळूचा कण आणि मीडियम यांच्यामध्ये पडद्यासारखी बसते आणि पकड जाते. विटेची भुकटी वापरणार असाल तर ती लोणा धरते का तपासा: चमचाभर भुकटी पाण्यात कालवून काळ्या कागदावर ठेवा, वाळल्यावर भोवती पांढरं वर्तुळ उमटलं तर धुतल्याशिवाय वापरू नका. भिंतीला लोणा लागतो तसा चित्रालाही लागतो.

ऋतूप्रमाणे बदल

एप्रिल-मेमध्ये पेस्टचं काम सकाळी सहा ते नऊ. पत्र्याच्या माळ्यावर करू नका, पत्र्याखालची हवा बाहेरच्यापेक्षा तापलेली असते. छताचा पंखा थेट चित्रावर नको. कूलरचा झोत तर एका बाजूने लागतो आणि एक कड वाळते तेव्हा दुसरी ओलीच असते. कूलर खोलीत असू द्या, तोंड भिंतीकडे करा. थर लावला की चार कोपऱ्यांना डबे ठेवून त्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरा, पृष्ठभागापासून चार-पाच बोटं उंच. सहा-आठ तासांनी काढा. जाळीदार भेगांपैकी बहुतेक एवढ्यानेच थांबतात.

जानेवारीतला दोष फसवा असतो. भेग नाही, पण पेस्ट नखाने खरवडली तर भुकटी सुटते. अॅक्रिलिकचे कण एकमेकांत विरघळून सलग पापुद्रा व्हायला साधारण ९-१० अंशांच्या वर ऊब लागते. संध्याकाळी लावलेली पेस्ट रात्री त्याखाली गेली तर पाणी उडतं, पण कण जोडलेच जात नाहीत. दुपारी बारापूर्वी थर लावून टाका आणि चित्र रात्री आतल्या खोलीत ठेवा. अशी भुसभुशीत झालेली पेस्ट नंतर उन्हात ठेवून सुधारत नाही. खरवडून काढा, हाच मार्ग.

सुटलेलं चित्र दुरुस्त करताना

आधी नखाने ठोकून बघा. फरशी बसवणारा गवंडी फरशी ठोकून पोकळी ओळखतो तसं. भरीव आवाज आला तर भेग फक्त वरची आहे. पोकळ आला तर भोवतालचा भाग सुटलेला आहे, आणि भेग कितीही शोभून दिसत असली तरी तो पडणार. पडक्या भिंतीच्या चित्रात भेग खुलते म्हणून सोडून देणं धोक्याचं. आधी चिकटवा, मग ठेवा.

चित्र आडवं करा, कॅनव्हास असेल तर मागून त्याच मापाची फळी सरकवा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा. तीन भाग मीडियमला एक भाग पाणी करून २ मिलिलिटरच्या सिरिंजने पोकळीत सोडा, कडेने थोडं बाहेर येईल एवढंच. बाहेर आलेलं ओल्या फडक्याने टिपा. वर बेकिंगचा सिलिकॉन कागद, त्यावर अर्ध्या किलो वाळूची पुरचुंडी. वाळूची यासाठी, की ती उंचसखल भागावर सारखी बसते. पुस्तक ठेवलं तर फक्त उंचवटे दाबले जातात. चोवीस तास हलवू नका. मिलिमीटरपेक्षा रुंद भेग पेस्टने दोन वेळा भरा, कारण पहिली भर वाळून खाली बसते.

भेग नाही, पण शहर सपाट आणि गिचमिड दिसतं

दुसरी वारंवार येणारी अडचण ही, आणि ती हाताची कमी, आखणीची जास्त आहे. सगळीकडे सारखं जाड टेक्सचर केलं की लांबचं घर जवळ येतं आणि जवळचं मागे जातं. जाडी ही नजर ओढते. म्हणून रंगापूर्वी कागदावर जाडीचा नकाशा काढा: आभाळ शून्य, लांबची पाण्याची टाकी आणि मोबाइलचा टॉवर अर्धा मिलिमीटरच्या आत, मधली घरं एक, आणि अंगावर येणारी एकच भिंत तीन. एकच. चाळीसगावला के. की. मूस टेबलावर रोजच्या वस्तूंतून दृश्यं उभी करून त्यांचं टेबल-टॉप छायाचित्रण करायचे. ती युक्ती चित्रकाराच्या फार कामाची आहे. काडेपेट्या, पुठ्ठा, थोडी वाळू यांची गल्ली मांडा, एका बाजूने दिवा लावा. सावली कुठे लांब पडते ते दिसतं, आणि पेस्ट तिथेच हवी असते.

पॅरिसच्या मोंमार्त्रच्या भिंती रंगवताना चित्रकार मोरिस उत्रियो पांढऱ्या रंगात प्लास्टर मिसळायचा. भिंतीचं चित्र भिंतीच्याच द्रव्याने, हा त्यातला विचार. १९६० साली बनारसला गेल्यावर चित्रकार राम कुमार यांनी घाट आणि घरं मोठ्या पाट्यांसारख्या सपाट तुकड्यांत मांडायला सुरुवात केली, तिथे माणसं आणि खिडक्या जवळजवळ गळून पडतात. खानदेशच्या गावाला या दोन्हींमधून घेण्यासारखं बरंच आहे, कारण इथे भिंतीच बोलतात.

धाब्याचं घर घ्या. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर माती-गवताचा गिलावा, त्यावर चुन्याचे दहा हात, मधूनच पोपडा पडून विटा उघड्या, आणि छतावर खारी मातीचा जाड थर, त्याची कड जराशी लोंबलेली. हे एका पेस्टने आणि एका नाइफने (पेस्ट लावायच्या पातळ सुरीने) होत नाही. जोत्यासाठी वाळूची पेस्ट नाइफच्या टोकाने थापटा, ओढू नका. गिलाव्यासाठी धाग्याची पेस्ट रुंद पुट्टी-पत्र्याने आडवी, थोडी थोडी सुटी. ती चामड्यासारखी झाली, म्हणजे उन्हाळ्यात पंधरा-वीस मिनिटांनी आणि पावसाळ्यात तासाभराने, की जिथे विटा हव्यात तिथला तुकडा पत्र्याच्या कोपऱ्याने उचलून काढा आणि उघड्या जागेत बोथट सुईने विटांच्या रेघा ओढा. रेघा सगळ्या पूर्ण करू नका. चुन्याचा पापुद्रा सर्वात शेवटी: बिनवाळूची पेस्ट अर्ध्या मिलिमीटरचीच, नाइफ आडवी करून वरच्यावर ओढलेली, म्हणजे ती उंचवट्यांवर धरते आणि खाचा उघड्या राहतात.

पत्र्याच्या छपराला जुन्या एटीएम कार्डाची कड दातेरी कापा आणि एकाच ओढीत वरून खाली आणा. अर्ध्यात थांबलात तर जोड दिसतो. पुसून पुन्हा ओढा, वर ठिगळ लावू नका. भुसावळच्या यार्डातले रूळ किंवा विजेच्या तारा सुती दोऱ्याने छान होतात, तोही आधी मीडियममध्ये बुडवलेला.

रंगाच्या वेळी एक चूक जवळजवळ सगळे करतात. वाळलेली पेस्ट सच्छिद्र असते. तिच्यावर थेट गडद पातळ रंग सोडला की तो शोषला जातो, पुसला तरी निघत नाही, आणि सगळं चित्र काळपट होतं. आधी मीडियमचा एक पातळ हात द्या, वाळू द्या. मग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गर्द निळा) मिळून एक भाग, मीडियम आठ भाग, खाचांत भरा आणि उंचवट्यांवरून ओलसर फडक्याने पुसा. हिवाळ्यात तीन-चार मिनिटं मिळतात, मेमध्ये एक, त्यामुळे वितीएवढाच तुकडा एका वेळी. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिक्का रंग फक्त उंचवट्यांवर. खानदेशातलं दुपारचं ऊन पिवळं नसतं, पांढरं असतं. पिवळा घातला की गाव दुसरीकडचं वाटायला लागतं.

व्हार्निश अॅक्रिलिकसाठीचंच, मॅट, दोन पातळ हात. लाखेचं पॉलिश कधीच नाही. अजिंठ्याच्या चित्रांवर निजामाच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी लाखेचं व्हार्निश दिलं होतं. ते पुढे पिवळं-तपकिरी पडलं आणि खालचे रंग झाकोळले. खाचांमध्ये तर ते आणखी साचतं.

चित्र पाठवताना बबल रॅप थेट पृष्ठभागावर लावू नका. अॅक्रिलिक उन्हात मऊ होतं आणि मे महिन्यात ट्रॅव्हल्सच्या डिकीत बारा तास राहिलेल्या चित्रावर बुडबुड्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. आधी सिलिकॉनचा कागद, मग चारही कडांना थर्माकोलच्या पट्ट्या म्हणजे मध्ये काहीच टेकणार नाही, मग पुठ्ठा आणि बबल रॅप सर्वात बाहेर. पोचल्यावर खोका लगेच फोडू नका. दोन-तीन तास सावलीत ठेवा, पेस्ट गार होऊन घट्ट होऊ द्या आणि मगच कागद काढा, कोपऱ्यातून, पृष्ठभागाला समांतर ओढत.